सावडीचं लिनक्स

वहिनी,

तीन दिवसांपूर्वी तुझं तेरावं झालं, आणि पानं उठायच्या आत मी एका भल्या माणसाशी भांडून बसलो. भांडण तुझ्यावरून झालं आणि त्यात मी तुझी बाजू घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, आणि नेमकी ते बघायला तू नव्हतीस. म्हणून लिहून कळवतो. त्याचा फार अर्थ काढू नकोस.

चिकूच्या वाडीवाला शेठ, दादाचा मित्र, तुला चांगला माहीत आहे. मनाने मोठा माणूस. जेवणं होत आली तसा उभा राहिला आणि बोलायला लागला. "बेनने भंगारातून वेवजी गावात कंप्युटर उभे केले. पण भंगार किती दिवस चालवायचा? आपण बेनच्या नावाने नवेकोरे दहा कंप्युटर देऊ ने. जुना सगळा काढून टाकू. दरवाजावर बेनच्या नावाची पाटी." मग माझ्याकडे वळला. "भाई, तुझ्याच दुकानातून घेऊ. जुने एक्सचेंजमधी तू घेऊन जा. सोमवारपर्यंत कोटेशन दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादाने डोळे पुसले. मी म्हटलं, "कोटेशन मी देणार नाही."

शेठला वाटलं मी दुःखात आहे. त्याने पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. मग मी जरा जास्तच बोललो. भंगार कोणाला म्हणतोस, त्या मशीनला हात लावून बघितलास का कधी, असलं काहीबाही. दादा म्हणाला, "अरे, तूच तर सगळ्यांत आधी भंगार म्हणाला होतास."

म्हणालो होतो. मग? मी तुझा दीर आहे, डहाणू स्टेशनजवळ माझं कंप्युटरचं दुकान आहे, आणि पाच वर्षं मी तुझ्याशी रोज भांडलो आहे. त्या मशीनना भंगार म्हणायचा हक्क माझा एकट्याचा आहे. तो मी कष्टाने कमावला आहे.

तुला आठवतं, सुरुवात माझ्याच दुकानात झाली. जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी तू वेवजीच्या शाळेतून रिटायर झालीस. मला वाटलं, आता वहिनी घरी बसेल, लोणची घालेल. तू दुसऱ्याच आठवड्यात माझ्या काउंटरसमोर उभी. तलासरीतला एक टायपिंग क्लास बंद पडत होता आणि त्यांचे जुने संगणक ते फुकट देत होते. "भाऊजी, घेऊ का?" मी म्हटलं, फुकट देतायत याचा अर्थ न्यायला माणूस मिळत नाही. एक्सपी आता बंद, नवी विंडोज त्या मशीनवर चढणार नाही, आत रॅम म्हणशील तर नावाला. भंगार आहे. तू शांतपणे विचारलंस, "मग त्याच्यावर दुसरं काय चढेल?"

दुकानदाराने अशा वेळी गप्प बसायचं असतं. मी बोललो. लिनक्स म्हणून एक आहे, फुकट असतं, त्याचे हलके प्रकार जुन्या मशीनवर चालतात, पण कोणी वापरत नाही. बस, तेवढं पुरलं. माझ्याच दुकानाच्या इंटरनेटवर दिवसभर बसून तू ते उतरवून घेतलंस. माझ्या धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट माझ्याच वायरीतून, आणि वर मी तुला दोनदा चहा पाजला.

मग तू ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केलीस. गाणं कॉपी करावं तशी. पेनड्राइव्ह लावायचीस, मशीन चालू करायचीस, आणि काही होत नाही म्हणून मशीनला शाळेतल्या पोरासारखं रागवायचीस. मला दिसत होतं काय चुकतंय ते. तीन दिवस मी मजा बघितली. शेवटी मलाच राहवेना. ती फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, एका छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते, हे दाखवलं. तरीही अर्धी मशीन पेनड्राइव्हवरून उठेनात, इतकी जुनी. त्यांच्यासाठी ती फाइल सीडीवर लिहिली. जी सीडीवरूनही उठेनात, त्यांची रॅम तू काढलीस, शाळेतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासलेस आणि परत बसवलीस. दोन उठली. त्या दिवशी तू दुकानात ज्या तोऱ्याने आलीस तो तोरा मला आवडला नव्हता. आज तो फार आठवतो.

जी मेली ती मेली. त्यांची रॅम दुसऱ्यांत, त्यांच्या डिस्क तिसऱ्यांत. असं करून वेवजीच्या पाड्यावरच्या समाजमंदिराच्या खोलीत तुझी मशीन उभी राहिली. पेनड्राइव्हही तू विकत घेतले नाहीस. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत गाणी भरून पेनड्राइव्ह मिळतात, ते घराघरांत पडले होते, ते मागून आणलेस. सुमनच्या नवऱ्याची लग्नातल्या नाचाची सगळी गाणी त्यात पुसली गेली. तो बाप्या वर्षभर तुझ्याशी बोलला नाही, आणि तू म्हणायचीस, "मी तरी कुठे त्याच्या आवाजावाचून अडले आहे."

सुमन म्हणजे तुझा उजवा हात. सीमेपलीकडच्या कारखान्यात पाळीने कामाला जाणारी, उरलेल्या वेळात शेती आणि खोलीची किल्ली सांभाळणारी. सावडीची कल्पना तिचीच, की तुझी? यावरही आपलं भांडण मिटलेलं नाही. तू म्हणायचीस तिची, ती म्हणते बाईंची. लावणीच्या वेळी पाड्यावर मजूर लावायची ऐपत कोणाची नसते. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या शेतात, असं करून लावणी उरकते. तीच सावड तुम्ही संगणकाला लावलीत. खोलीतलं एकेक मशीन एकेकाच्या नावावर. ज्याच्या मशीनवर लिनक्स बसेल, त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर जाऊन ते बसवायचं. पैसा नाही, उपकार नाही. आणि वर तुझा एक नियम: स्वतःच्या मशीनला स्वतः हात लावायचा नाही. स्वतःचं स्वतः केलं की माणूस दुसऱ्याकडे जात नाही, म्हणालीस.

लोकांनी तो नियम इतका पाळला की एकदा सुमन आणि तिची शेजारीण दोघी आठवडाभर हातावर हात ठेवून बसल्या. सुमन म्हणे, आधी तुझ्यावर बसवते. ती म्हणे, नाही, आधी मी तुझ्यावर. दोघींनाही आधी घ्यायची लाज वाटत होती. दोन्ही मशीन कोरी. तुला सायवनहून बोलावणं आलं होतं, तू तिकडे गेलेली. परत येऊन बघतेस तर हा प्रकार. त्या दोघींना तू एकाच वेळी, एकमेकींच्या मशीनवर बसवलंस आणि म्हणालीस, आता एकत्रच बटण दाबा. हे तू मला सांगताना इतकी हसलीस की तुला ठसका लागला होता.

मी हसलो नव्हतो. मी म्हटलं, वहिनी, तू त्यांना मागास ठेवते आहेस. हेच आपलं खरं भांडण होतं, बाकी सगळं तोंडी लावायला. मी म्हणायचो, गरिबाने कायम दुसऱ्याचं उतरलेलं का वापरायचं? शहरातल्या पोराला नवं, आणि वेवजीच्या पोरीला टायपिंग क्लासने टाकलेलं. हा कुठला न्याय? तू म्हणायचीस, "नवं आलं तर कोणाला नकोय? पण तुमच्या नव्या मशीनला मागे एक स्टिकर असतो, सील तोडू नये म्हणून. जे उघडायची परवानगी नाही ते आपलं कसं?" मी म्हणायचो, वॉरंटी असते ती, कंपनीचा माणूस येतो. तू म्हणायचीस, "वेवजीला?"

आणि मग तू विषय बदलायचीस, कारण तुला माहीत होतं की तुझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. मला आजही वाटतं, त्या वादात मी बरोबर होतो. निदान अर्धा तरी. तू मेलीस म्हणून मी ते सोडणार नाही. मेलेल्या माणसाला सगळं कबूल करायचं असतं, असं लोक समजतात. मी नाही समजत.

भूकंपाचे धक्के सुरू झाले ते दिवस आठवतात का? तलासरीकडे लोक घराबाहेर राहत होते, भिंतींना चिरा पडल्या होत्या, आणि तू सकाळची पहिली एसटी धरून निघालीस. मी स्टँडवर तुला अडवलं. जीव महत्त्वाचा की ती डबडी? तू म्हणालीस, डबडी नाही, खोलीची भिंत बघायला चालले आहे. खोटं बोललीस. मी दुकान बंद करून तुझ्या मागोमाग आलो. पाड्यावर पोचलो तर मशीन आधीच बाहेर, आंब्याखाली, गोधड्यांवर ओळीने मांडलेली. सुमन आणि इतर बायांनी धान्याच्या पोत्यांबरोबर ती बाहेर काढली होती. आधी पोरं, मग धान्य, मग मशीन. तू तिथे उभी राहून काही बोलली नाहीस. मीही बोललो नाही. आपण दोघं एकदम गप्प, असं तेवढंच एकदा झालं असेल.

आणि माझी सावड. तो विषय तू कधी सोडला नाहीस. माझ्या दुकानातलं बिलाचं मशीन व्हायरसने बसलं होतं, मला वेळ नव्हता, तू सुमनला पाठवलंस. तिने माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या मशीनवर लिनक्स बसवलं, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "आता तुमची सावड." मी म्हटलं, बघू. दुकान सोडून कसा येऊ, सीझन आहे, गुडघा दुखतोय. तू दर वेळी ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "सावड कुठे जात नाही, भाऊजी."

बरं, तू तरी काय? लोकांच्या मशीनवर पक्कं बसवून दिलंस आणि घरी तुझं स्वतःचं मशीन शेवटपर्यंत पेनड्राइव्हवर. आत चांगली डिस्क लावलेली, कोरी, आणि तू आपली रोज कपाटाच्या किल्लीच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह खोचून काम करायचीस. मी हिणवायचो, लोकांना ज्ञान आणि आपल्या घरी उसनवारी. तू म्हणायचीस, "माझी सावड यायची आहे." मला वाटायचं, टाळते आहे.

तर आता पुढचं ऐक. शेठशी भांडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेवजीला गेलो. खरं सांगतो, शाबासकी घ्यायला गेलो. सुमन खोली झाडत होती. तिला सगळं सांगितलं, शेठ काय म्हणाला, मी कसा ठाम राहिलो, दहा मशीनची विक्री कशी लाथाडली. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"तुमी नाय बोललात? कोणाला इचारून?"

मी म्हटलं, अगं, ते हे सगळं काढून टाकणार होते.

"ते काढून टाकायचा बोलले, कोणाला नाय इचारला. तुमी नको बोललात, तुमी पण नाय इचारला. तुमचा आन बाईंचा पाच वरसं भांडण चालला, जुना बरा का नवा बरा. एकदा तरी आमाला इचारलात?"

वहिनी, हे लक्षात ठेव: ती दोघांनाही बोलली.

"नवीन देतात तर येऊ दे ना," ती म्हणाली. "आमच्या पोरींना परीक्षेला बसायचा तर तिकडं नवीनच असतो. त्या भिंतीला मांडू. पण या भिंतीचा एक पण जायचा नाय. हे आमी उभे केलेत, बिघडले तर आमी उघडतो. आन नवीन पण उघडणार. सील-बिल चालायचा नाय. आन पाटी नको. बाईंना पाटी कशाला, बाई काय दुकान हायेत?"

"आणि शेठ?"

"शेठ मशीन देतात तर त्यांची पण सावड लागल. एक दिस येऊन बसू दे."

तिथल्या तिथे शेठला फोन लावला. सगळं सांगितलं: एक्सचेंज नाही, सील नाही, पाटी नाही, आणि तुमचा एक दिवस. तो आधी हसला. मग म्हणाला, "अरे भाई, मने स्क्रू पण फिरवता नाय येत." मी म्हटलं, शेठ, इथे शिकवतात, आणि रागावतातही. तो म्हणाला, बघतो. माझ्यासारखंच म्हणाला. पण कोटेशन मागायचं त्याने बंद केलं नाही, आणि मी ते द्यायला तयार झालो. सुमनच्या अटींवर. म्हणजे भांडणात तू अर्धी जिंकलीस, मी अर्धा, आणि पूर्ण जिंकली ती किल्लीवाली.

निघताना मी उगाच मोठेपणा दाखवला. म्हटलं, सुमन, माझीही एक सावड राहिली आहे. आजच देऊन टाकतो. कुठल्या मशीनवर बसू?

ती म्हणाली, "तुमाला ठावं नाय? इथला एक पण नाय तुमच्या नावचा. तुमचा डहाणूला हाय. बाईंच्या घरचा."

मी म्हटलं, वहिनीचं?

"आमी किती येला बोललो, बाई, आमी येतो, तुमचा पक्का करून देतो. सगल्यांचा झाला, तुमचाच राहिला. तर बोलल्या, नको. तो भाऊजींच्या सावडीचा हाय. त्यांच्यासाठी ठेवलाय."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही, पण तुझ्यावर इतका चिडलो होतो की शेजारच्या माणसाने जागा बदलली. सरळ सांगता येत नव्हतं? भाऊजी, माझं मशीन तुम्ही करा. पाच शब्द. मी आलो असतो. कटकट केली असती, गुडघ्याचं सांगितलं असतं, पण आलो असतो. एकाच घरात, मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत तर यायचं होतं.

काल सकाळी पुढच्या खोलीत गेलो. दादा तुझ्या मशीनसमोर बसला होता. तू गेल्यापासून तो रोज ते चालू करतो, आणि रोज ते डिस्क रिकामी आहे म्हणून इंग्रजीत सांगतं. त्याला वाटत होतं, तुझ्यामागे तेही बिघडलं. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच खिशात होता. पेनड्राइव्ह त्यातच लटकत होता. मी तो खोचला आणि तुझा पडदा समोर आला, बाजूला तुझा पत्त्यांचा डाव अर्धा मांडलेला. तू अडकली होतीस तिथे. काळी राणी लाल राजावर जाते, वहिनी, इतकं साधं होतं.

मग मी सावडीला बसलो. भाषा विचारली, मराठी. डिस्क विचारली, सगळी. दादाने स्टूल ओढलं आणि शेजारी बसला. पुढे नाव विचारलं. दादा म्हणाला, "तिचंच टाक."

मी नाही टाकलं. पाटीला नाही म्हणालो तेच इथेही म्हणालो. दादाचं नाव टाकलं, कारण आता ते त्याला चालवायचं आहे. तो थोडा नाराज झाला. मग मी तुझा तो डाव, तुझी पत्रं, यात्रेतली तुझी आणि सुमनची ती डोळे मिटलेली छायाचित्रं, सगळं पेनड्राइव्हवरून आत घेतलं. पेनड्राइव्ह काढला, मशीन बंद केलं, आणि दादाला म्हटलं, तू चालू कर. त्याने बटण दाबलं. काहीही न खोचता ते उठलं. दादाने तुझी काळी राणी लाल राजावर ठेवली.

तर माझी सावड झाली. शेठची बाकी आहे, ती सुमन सोडणार नाही. ती तशीच आहे, तुझ्या हाताखाली तयार झालेली.

आता एकच हिशोब राहिला. नियम तुझाच आहे, तेव्हा कुरकुर नको. ज्याच्या मशीनवर बसलं त्याने दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन बसवायचं. काल तुझ्या मशीनवर बसलं. म्हणजे आता तुझी सावड लागते. सावड बाकी ठेवून पाड्यावर कोणी उठून गेलेलं मी ऐकलेलं नाही, आणि तुला तेवढी सूट मी देणार नाही. दुकानातलं माझं मोठं मशीन मी कोरं करून काउंटरवर ठेवलं आहे. सुमन विचारत होती, मी करून देऊ का. मी म्हटलं, नको. ते वहिनीच्या सावडीचं आहे.